सहा नंबरचा दिवा

व्यवस्थापकांना अतिदक्षता विभागात आणलं तेव्हा दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. विभागातल्या आठ खाटांपैकी दोन रिकाम्या होत्या, एक नंबर आणि सहा नंबर. एक नंबरला पूर्वेकडची मोठी खिडकी आहे. सहा नंबर आतल्या कोपऱ्यात, हात धुण्याच्या बेसिनपाशी. तिच्या बरोबर वर चार नळ्यांचा दिवा आहे. कोणता पेशंट कुठे घ्यायचा हे इन्चार्ज सिस्टर ठरवते.

"सहा," सिस्टर म्हणाली.

स्ट्रेचर ढकलणारी मावशी थांबली. "ताई, एक रिकामी आहे की. साहेब आहेत हो."

"साहेब आहेत म्हणूनच. त्यांना वशिला चालत नाही."

मावशीने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि स्ट्रेचर वळवलं. वीस वर्षं ती इथे फरशा आणि पेशंटांची अंगं पुसत होती. कुठे बोलायचं आणि कुठे गप्प बसायचं हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

साहेबांच्या आतड्याचं ऑपरेशन आठवड्यापूर्वी झालं होतं. आत पू झाला, ताप चढला, पोट पुन्हा उघडून धुवावं लागलं. वय अठ्ठावन्न. नऊ वर्षं ते या रुग्णालयाचे व्यवस्थापक होते. माघारी त्यांना सगळे 'परिपत्रक' म्हणत, कारण कुणी शिंकलं तरी ते परिपत्रक काढत. त्यातलं चौदा महिन्यांपूर्वीचं एक विभागाच्या दाराशी स्विचबोर्डाशेजारी चिकटवलेलं होतं. दिव्यांच्या बटणांवरून जाड पारदर्शक पट्टी मारलेली होती, कुणाचं बोट पोचू नये म्हणून.

'अतिदक्षता विभागातील कोणताही दिवा, कोणत्याही कारणास्तव, दिवसा वा रात्री बंद करू नये. दर तासाच्या नोंदी, पहाटेचे अंग पुसणे व पहाटेची रक्ततपासणी वेळापत्रकानुसारच व्हावी.' खाली लफ्फेदार सही.

हा कागद सिस्टरच्या दादामुळे निघाला होता.

दादा बेकरीत पाव भाजायचा. सत्तावीस वर्षं पहाटे तीनला उठून भट्टी पेटवायची. घरात गजराचं घड्याळ नव्हतं, गरजच नव्हती, दादा होता. न्यूमोनिया झाला म्हणून त्याला इथे आणलं आणि सहा नंबरला ठेवलं. सिस्टर तेव्हा इन्चार्ज नव्हती, विभागातल्या चौदा नर्सपैकी एक होती. चौथ्या दिवसापासून दादा विचारायला लागला, "किती वाजले गं?" ती सांगायची. त्याला पटायचं नाही. "तीन वाजून गेले असतील. भट्टी थंड पडली असेल बघ."

माणसाचं अंग पहाटे चारच्या सुमाराला सगळ्यात थंड असतं आणि संध्याकाळी सगळ्यात उबदार. तापातसुद्धा ही लाट बहुतेक वेळा राहते, फक्त वर सरकते. सिस्टर बरीच वर्षं हे तक्त्यांवर बघत आली होती. सहाव्या दिवशी दादाची लाट मोडली आणि तक्त्यावर नुसती सरळ रेघ यायला लागली. सिस्टरने कुणाला न विचारता दोन रात्री सहा नंबरचा दिवा बंद ठेवला. दुसऱ्या पहाटे रेघ थोडी खाली वाकली. तिसऱ्या रात्री दादा नऊला झोपला आणि अकरा वाजता साहेब अचानक फेरीवर आले.

"काय सिनेमा लागलाय का इथे?"

"पेशंट झोपलाय सर. सात दिवसांनी."

"इथे पेशंटला झोपायला आणत नाहीत सिस्टर, जगवायला आणतात. झोप हवी असेल तर लॉजवर जायचं." आणि त्यांनी स्वतः जाऊन बटण दाबलं.

दादाने डोळे उघडले. "तीन वाजले?"

सिस्टर म्हणाली, "सॉरी सर."

ते दादाला नव्हतं, साहेबांना होतं. हे दोन शब्द तिला नंतर कधी गिळता आले नाहीत आणि थुंकताही आले नाहीत.

साहेबांकडे कारण होतं. दोन वर्षांपूर्वी अंधारात एका पेशंटने स्वतःची नळी उपसली होती. कुणाला दिसलं नाही, तो गेला, आणि नातेवाइकांनी दाराच्या काचा फोडल्या होत्या. दादाचा दिवा लावला त्याच्या दुसऱ्याच दिवशी परिपत्रक निघालं. दादाची रेघ पुन्हा सपाट झाली. बाराव्या दिवशी नवा जंतू निघाला, पंधराव्या दिवशी दादा गेला. वहिनीने त्याचं घड्याळ सिस्टरला दिलं. ती ते उलट्या बाजूने, तबकडी तळहाताकडे करून बांधायची.

दिव्याने माणूस मारला असं ती कधी म्हणाली नाही. तिला मोजून बोलायची सवय होती. ती मोजायलाच बसली. दीडशे पानी वहीत तिने एकसष्ट पेशंटांची लाट उतरवली. दोन दिवस सलग सपाट राहिलेले तेवीस. त्यांतल्या चौदा जणांना नवा संसर्ग झाला किंवा जुना उसळला. उरलेल्या अडतीसांत असे सहा.

विभागाच्या डॉक्टरांनी वही नीट वाचली. "अंडं आधी की कोंबडी? लाट मोडली म्हणून जंतू माजले, की जंतू माजणार होते म्हणून लाट मोडली?"

"ते कळावं म्हणूनच रात्रीचे दिवे बंद करून बघू म्हणते. रक्तातल्या पेशींनासुद्धा पाळ्या असतात, हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला. जंतूशी लढायला कोण केव्हा बाहेर पडायचं ते उजेड-अंधारावर ठरतं. इथे पाळी बदलल्याचा भोंगाच वाजत नाही डॉक्टर."

"बरोबर आहे. पण साहेबांना कोण सांगणार? मला अजून दोन वर्षं काढायचीत इथे."

तिने स्वतः अर्ज केला. तो शेऱ्यासह परत आला: 'वह्या नोंदींसाठी आहेत, संशोधनासाठी नाहीत.' सहा महिन्यांनी ज्येष्ठतेने ती इन्चार्ज झाली. साहेबांना ते थांबवता आलं नाही. आणि आता साहेब सहा नंबरला होते.

पहिल्या दिवसापासून सिस्टरने नियम पाळला. इतका काटेकोर तो आधी कुणीच पाळला नव्हता. पेशंटचा डोळा लागला तर रात्रपाळीच्या मुली एखादी नोंद अंदाजाने भरायच्या, रक्तदाब मोजायचा दंडाचा पट्टा फुगवायच्या नाहीत. सिस्टरने रजिस्टरात लाल शाईने लिहिलं: 'सहा नंबर. परिपत्रकाप्रमाणे. अंदाज चालणार नाही.' मग दर तासाला पट्टा फुगू लागला. पहाटे साडेतीनला मावशी कोमट पाण्याचं भांडं घेऊन अंग पुसायला यायची, कारण ते काम सकाळच्या पाळीवर टाकलं की भांडणं होतात. चारला रक्त घ्यायचं, कारण आठच्या राउंडला रिपोर्ट हवा. दिवा चोवीस तास.

दुसऱ्या दिवशी साहेबांची बायको भेटायच्या वेळेत आली. "सिस्टर, तो दिवा थोडा वेळ बंद नाही का होणार? डोळ्यांत जातोय त्यांच्या."

"परिपत्रक आहे मॅडम. दाराशीच लावलंय."

बाई दाराशी गेल्या. कागद वाचला, सही पाहिली. परत येऊन नवऱ्याच्या उशाशी बसल्या आणि त्याच्या डोळ्यांवर स्वतःच्या तळहाताची सावली धरून राहिल्या, भेटायची वेळ संपेपर्यंत. पंचवीस मिनिटं. सिस्टर ते पाहत होती. तिने घड्याळही पाहिलं.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "किती वाजले?"

"चार."

"पहाटेचे की...?"

सिस्टर स्टूल ओढून बसली. तिला हा प्रश्न ओळखीचा होता. "तुम्हीच सांगा साहेब. उजेड तर भरपूर आहे."

त्यांनी दिव्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि डोळे मिटून घेतले. पापण्या लाल दिसत होत्या.

चौथ्या दिवशी ते बरळायला लागले. छतावर मुंग्यांची रांग दिसत होती आणि ती ओळीत चालत नाही म्हणून ते चिडले होते. मावशी पाठ पुसायला आली तेव्हा म्हणाले, "आवक-जावक रजिस्टर आणा."

"आणते साहेब. आधी कुशीवर व्हा."

"ही पाठ आवक आहे की जावक?"

"सध्या मुक्कामी आहे साहेब. वळा."

त्या संध्याकाळी सिस्टरने पट्टी घेऊन तक्ता आखला. पहिल्या दिवशी लाटेचा चढउतार सात दशांश, मग चार, मग दोन. आज शून्य. रेघ पट्टीला समांतर गेली. तिला आनंद झाला. वहीत बासष्ट आकडा टाकताना तिचं अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

डॉक्टर राउंडला आले. लघवी कमी झाली होती, रक्तातल्या जंतूचा रिपोर्ट आला होता. त्यांनी औषध बदललं. "दोन दिवसांत कळेल," ते म्हणाले, "इकडे की तिकडे."

पाचव्या दिवशी पहाटे रात्रपाळीची एक मुलगी आली नाही म्हणून सिस्टर स्वतः पाळीवर होती. पुसून झाल्यावर मावशी भांडं घेऊन तिच्यासमोर उभी राहिली.

"ताई, बोलू का?"

"बोला."

"दादांचं अंगसुद्धा शेवटी मीच पुसलं होतं. मला काही विसरायला झालं नाही. पण रोज पहाटे या माणसाला झोपेतून उठवते कोण? मी. सूड तुमचा, आणि भिजतात माझे हात."

"नियम माझा नाही मावशी."

"नियम कुणाचाही असू दे, फडकं माझं आहे. राग काढायचा तर तुमच्या हाताने काढा. माझ्या फडक्याने नको." आणि ती पाणी ओतायला निघून गेली.

सिस्टरने रजिस्टर पुढे ओढलं. सहा नंबरवरून आवाज आला, "दिवा बंद करा. मी सही करतो. आणा कुठे करायची ती."

तिच्या खणात कागद तयार होता. चौदा महिने होता. 'दिव्यांबाबतचे परिपत्रक रद्द करण्यात येत आहे. रात्री नऊ ते सकाळी सहा दिवे मंद ठेवावेत, अंग पुसणे व तपासण्या सकाळी कराव्यात.' तिने तो पाटीला लावून त्यांच्यापुढे धरला, हातात पेन दिलं. साहेबांनी सही केली. लफ्फा जागच्या जागी होता. खाली त्यांनी तारीखही टाकली. ती नऊ वर्षांपूर्वीची होती.

आठला तिने कागद डॉक्टरांना दाखवला. त्यांनी तारीख पाहिली आणि कागद परत दिला. "भ्रमातल्या माणसाची सही. याच्यावर कॅन्टीनवाला चहासुद्धा देणार नाही."

"आणि ते गेले तर?"

"तर काय? नवे साहेब येतील."

"आणि परिपत्रक?"

डॉक्टर हसले. "मेलेल्या साहेबाचा हुकूम कोण बदलतो? फोटो लावतात आणि हुकूम तसाच ठेवतात."

सिस्टर दिवसभर आपली कामं करत राहिली. दोन पेशंट बाहेर पाठवले, एक आत घेतला, औषधांचं कपाट मोजलं. डॉक्टरांचं म्हणणं बरोबर होतं. हा माणूस आज मेला तर दिवा कायमचा लागणार. दादासाठीही काही होणार नाही, तिच्यासाठीही नाही. साहेब तिला हवे होते ते जिवंत, शुद्धीवर, आणि आजची तारीख लिहिता येणारे.

रात्री नऊला तिने ब्लेडने स्विचबोर्डावरची पट्टी कापली, एका बटणापुरती. सहा नंबरचा दिवा विझला. रजिस्टरात तिने लिहिलं: 'सहा नंबर. दिवा रात्री नऊ ते सहा बंद. रक्त रात्री दहा व सकाळी सहा. अंग सकाळी सात. पट्टा फक्त डॉक्टरांनी सांगितल्यास, एरवी मॉनिटरवर लक्ष ठेवावे. जबाबदारी माझी.' सही केली. नोकरी जायला एवढ्या चार ओळी पुरेशा होत्या.

सकाळी तिने मावशीला सांगितलं, "आठ ते दहा खाट ढकलून खिडकीशी न्यायची. उजेड तोंडावर पडू द्या."

मावशीचे डोळे चमकले. "पाझर फुटला म्हणायचा!"

"नाही. काम आहे त्यांच्याशी."

पहिल्या रात्री काही झालं नाही, ते ओरडत राहिले. दुसऱ्या रात्री तीन तास झोपले. पहाटेची रेघ एक दशांश वाकली, मग तीन, मग सहा. ताप उतरू लागला, लघवी वाढली. छतावरच्या मुंग्या गेल्या. दहाव्या दिवशी सकाळी खाट खिडकीशी होती. साहेबांनी विचारलं, "किती वाजले?"

"सात."

"आठ वाजून गेलेत," ते म्हणाले. "ऊन उशीपर्यंत आलंय."

आठ वाजून बारा मिनिटं झाली होती. सिस्टर मुद्दाम चुकीचं बोलली होती. माणूस शुद्धीवर आला होता.

साडेदहाला खाट जागेवर आली. वरचा दिवा त्या सकाळी अजून लावलेला नव्हता. डॉक्टर वॉर्डात हलवायचा कागद भरून गेले. साहेबांनी वर पाहिलं. रिकाम्या पोटाने बोलावं तसा त्यांचा आवाज होता. "हा दिवा चोवीस तास चालू असायचा. परवा रात्री अंधार होता, आठवतंय मला. कुणी बंद केला?"

"मी."

"परिपत्रक आहे."

"दाराशीच आहे."

"मग?"

सिस्टरने वही त्यांच्या छातीवर उघडून ठेवली. बासष्टावं पान. त्यांनी बराच वेळ ते वाचलं. आकडे वाचता येणारा माणूस होता तो, हे तिला माहीत होतं. "एक नंबर रिकामी होती त्या दिवशी," ते म्हणाले. "बायको सांगत होती. तू मला मुद्दाम इथे ठेवलंस."

"हो."

त्यांना नकाराची अपेक्षा होती. मग म्हणाले, "औषध बदललं म्हणून मी वाचलो. डॉक्टर म्हणाले तसं."

"असेलही. लिहिलंय बघा. चौथा दिवस, औषध बदललं. मी काही लपवलेलं नाही. पाच दिवस मी तुमचा नियम पाळला साहेब, पाच दिवस मोडला. मेमो कशाबद्दल द्यायचा ते तुम्ही ठरवा."

साहेबांनी वही मिटली. "तो बेकरीवाला. तुझा भाऊ होता ना? मी दिवा लावला तेव्हा त्याने विचारलं, तीन वाजले का. मला वाटलं, चला, शुद्धीत आहे."

"अकरा वाजले होते," सिस्टर म्हणाली. तिने खणातून नवा कागद आणला, तोच मजकूर, सहीची जागा मोकळी.

त्यांनी नजर फिरवली. "ऑफिसात रुजू झाल्यावर बघू. असं खाटेवर कुणी परिपत्रक काढत नाही."

"ठीक आहे. वॉर्डात हलवायच्या कागदावर माझीही सही लागते. तुमचंच परिपत्रक, गेल्या वर्षीचं. मला जरा कामं आहेत. तोवर नियम लागू." ती दाराशी गेली आणि बटण दाबलं.

चार नळ्या फडफडून पेटल्या. साहेबांनी डोळे मिटले, मग कोपर आडवं धरलं. हातात सुई होती, कोपर फार वेळ टिकेना. दंडाचा पट्टा फुगला, उतरला. मावशी बेसिनपाशी उभी होती. ती सिस्टरकडे बघत होती. या वेळी तिच्या फडक्याचा संबंध नव्हता. सिस्टरने मनगट उलटं करून दादाच्या घड्याळाकडे पाहिलं.

सोळा मिनिटं गेली.

"आणा तो कागद," साहेब म्हणाले.

त्यांनी सही केली. लफ्फा अर्धवट राहिला, पण तारीख त्यांनी कुणाला न विचारता बरोबर टाकली. सिस्टरने ती दोनदा तपासली.

"झालं?"

"नाही. जुना कागद तुम्ही काढायचा."

मावशीने खुर्ची आणली, त्यांना बसवलं, सलाइनची बाटली दांडीला लावली आणि खुर्ची स्विचबोर्डापाशी नेली. साहेबांनी नखाने कागदाचा कोपरा उचकटला. चौदा महिन्यांचा गोंद होता. कागद तुकड्यातुकड्याने निघाला, सहीचा भाग भिंतीवरच राहिला. मग बटणांवरची पट्टी निघाली.

"बटण," सिस्टर म्हणाली.

त्यांनी सहा नंबरचं बटण दाबलं. कोपऱ्यात दिवा विझला. भर दिवसा त्याने फारसा फरक पडला नाही.

"समाधान झालं तुझं?" साहेबांनी विचारलं. मग हळू आवाजात म्हणाले, "माफी मागायला हवी का मी?"

"नको," सिस्टर म्हणाली. "ती घेऊन मी ठेवू कुठे?"

तिने वॉर्डाच्या कागदावर सही केली आणि वेळ घातली, अकरा वाजून वीस मिनिटं. मावशी खुर्ची ढकलत निघून गेली. सिस्टरने ओलं फडकं घेतलं आणि भिंतीवर उरलेली सही पुसायला सुरुवात केली. ती सहजी जाईना. तिने नख लावलं.